तेलहळद

रात्री साडेदहाला खणभागात शेवटचं शटर पडलं
आणि माझ्या प्रिंटरनं मान टाकली.

आधी घरघर, मग धाड.
उजव्या भिंतीवर डोकं आपटून गाडी तिथंच.
लाल दिवा माझ्याकडं बघून मिचमिचतोय,
जणू चूक माझीच.
(होतीच. पण ते नंतर.)

उद्या सातवीच्या बॅचची चाचणी,
तेवीस पोरं, दोन पानी पेपर,
आणि मी बटण दाबते, पुन्हा दाबते,
लिफ्ट येत नसली की माणसं दाबतात तसं.

मिरजेच्या अल्ताफभाईंना फोन लावला.
ते जेवत होते, मागं ताटाचा आवाज.
म्हणाले, ताई, जोर लावू नका.
चालू असतानाच झाकण उघडा,
गाडी मधे आली की वायर उपटा.
मग बोटानं ढकला, अलगद, इकडून तिकडं.
कुठं अडतंय ते तीच सांगंल.

तिसऱ्या खेपेला आली मधे.
टॉर्च दातात धरून वाकले.
एक टाचणी निघाली,
एक सुकलेलं झुरळ, लहानसंच,
आणि 'शाब्बास'च्या स्टिकरचा अर्धा तुकडा,
नुसतं 'शाब्'.
चिमट्यानं सगळं काढलं.
गाडी बोटाखाली सरकली, मऊ.
वायर लावली.
धाड.

मग पट्टी बघा, अल्ताफभाई म्हणाले.
कसली पट्टी?
गाडीच्या मागं ताणलेली असते, आरपार दिसणारी,
रिबिनीएवढीसुद्धा रुंद नाही.
तिच्यावर रेघा असतात, केसाहून बारीक.
त्या मोजत मोजत गाडी चालते.
रेघ दिसली नाही की तिला कळत नाही कुठवर आलो,
मग ती भिंत लागेपर्यंत जाते.

पट्टी सापडली.
आरपार नव्हती. पिवळी होती.

भूपाल मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यांना, बारा वर्षं.
संध्याकाळी त्याचा शर्ट
प्रिंटरच्या वरच्या खुंटीला लागतो.
लावण्याआधी कॉलर झटकायची,
ही सवय लग्नाआधीपासूनची.
मी मनात एक वाक्य तयार केलं,
उठवून ऐकवावं असं,
अगदी क्रियापदासकट.

मग पट्टीला बोट लागलं. चिकट.
कोरडी हळद अशी धरून बसत नाही.

गौरींच्या आधी गाडी किरकिरायची,
तेव्हा शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल
मीच सोडलं होतं दांड्यावर.
चार थेंब, आणि वर दोन मायेनं.

वाक्य तसंच राहिलं.
कर्ता बदलावा लागला असता.

चष्म्याचं फडकं, पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं.
श्वास धरून पुसली, या टोकापासून त्या टोकाला.
फडक्यावर जो रंग उतरला तो ओळखीचा,
मांडवात पाचजणींनी लावलेला,
आठवडाभर कानामागं राहिलेला.
इथं लावायला कुणी आलं नव्हतं.
एकेका संध्याकाळी आपोआप लागत गेला.

वायर. बटण.
गाडी निघाली, डावीकडं गेली, उजवीकडं आली
आणि भिंतीच्या अलीकडं वळली.
ऐकू आलं, अल्ताफभाई म्हणाले, ठेवू का आता?

मग मात्र ती थांबेना.
जितक्या वेळा मी चिडून दाबलं होतं तितक्या वेळा
प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा,
तेवीस प्रती, परत तेवीस,
रिकाम्या जागा, रिकाम्या जागा,
पार कागद संपेपर्यंत.
दुसरं पान पाठीवर घ्यावं लागलं.

आतून भूपालनं विचारलं, झालं का गं?
झालं म्हटलं.

फडकं दोनदा धुतलं, डाग गेला नाही.
खुंटी हलवायची की प्रिंटर,
यावर आमचं अजून बोलणं झालेलं नाही.